दुसऱ्याच्या विश्वासावर

रविवारच्या उपासनेत उपदेश आटोपला की पाळक एक कागद हातात घेतात. प्रार्थनेच्या विनंत्यांचा. पुण्यातल्या मराठी मंडळ्यांमध्ये हा कागद बहुतेक ठिकाणी दिसतो. कुठे वहीचं फाडलेलं पान, कुठे आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले निरोप घाईघाईने उतरवून घेतलेले. अमक्या ताईंची मुलगी नर्सिंगची परीक्षा पास झाली, उपकारस्तुती. तमक्या काकांचं डायलिसिस सुरू झालं, सामर्थ्यासाठी प्रार्थना. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. भोसरीच्या कारखान्यातून कमी केलेल्या एका तरुणाला काम हवं आहे. नातवाचा पहिला वाढदिवस. हडपसरला कुणाची आई वारली, सांत्वनाची प्रार्थना बुधवारी साडेसहाला, राहत्या घरी. पाळक सगळं एका दमात, एका सुरात वाचतात. आनंदाच्या ओळीवर रेंगाळत नाहीत आणि दुःखाच्या ओळीला आवाज उतरवत नाहीत.

नवख्या माणसाला हे वाचन कोरडं वाटेल. मला मात्र सबंध उपासनेत सगळ्यात जवळचा वाटतो तो हाच भाग. त्या कागदावर सुखाचा एक आणि दुःखाचा एक असे रकाने नसतात. जिच्या मुलीचा निकाल लागला ती बाई आणि ज्यांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन चार-चार तास पडून राहावं लागतं ते काका एकाच बाकावर बसलेले असतात, आणि दोघांच्याही नावाला मंडळी एकच ‘आमेन’ म्हणते.

विश्वास ही ज्याची त्याने, एकट्याने कमवायची गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. ज्याच्यापाशी तो आहे त्याने देवळात यावं, ज्याचा डळमळला त्याने आधी तो सावरावा आणि मग यावं. म्हणून तर माणसं नेमकी अडचणीच्या काळात यायची थांबतात. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, मुलगा व्यसनात अडकला, की रविवारची त्यांची जागा रिकामी दिसू लागते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘जरा सगळं मार्गी लागू द्या, मग येतो.’ मला हे उत्तर फार लागतं. आपण सगळ्यांनी मिळून या माणसाला असं काय दाखवलं, की त्याला वाटावं, मोडलेल्या अवस्थेत इथे येता येत नाही?

मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमातल्या एका घराची गोष्ट आहे. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी खाटेसकट उचलून आणलं. दाराशी इतकी गर्दी की आत पाऊल ठेवायला जागा नाही. तेव्हा ते छपरावर चढले, छप्पर उकललं आणि खाट खाली सोडली. पुढे तो माणूस बरा झाला हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझं लक्ष राहतं ते त्याआधीच्या एका तपशिलावर. येशूने विश्वास पाहिला तो वर छपरावर घाम गाळणाऱ्यांचा. खाटेवर निजलेल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं, तो आशेवर होता की कधीच आशा सोडून बसला होता, हे मार्क सांगत नाही. सगळ्या गोष्टीत त्या माणसाच्या तोंडी एक शब्दही नाही. तो दुसऱ्यांच्या विश्वासावर तिथवर पोचला, आणि तेवढं पुरलं.

पुण्यात बसून या गोष्टीचा विचार करायचा तर पंडिता रमाबाईंकडे वळल्यावाचून राहवत नाही. 1874 च्या दुष्काळात आई-वडील गेले, मागोमाग बहीण. ज्याच्या सोबतीने पायी देश पालथा घातला तो भाऊ 1880 मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली, आणि 4 फेब्रुवारी 1882 ला कॉलऱ्याने नवराही गेला. रमाबाईंचं वय तेव्हा तेवीस. त्याच वर्षी तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून इंग्लंडचा प्रवास उभा केला. पुण्यात त्यांची ओळख झाली होती ती वाँटेजच्या भगिनीसंघाशी. या संघाच्या सिस्टर्स पुण्यात काम करायला आल्या होत्या आणि पेठेतल्या पंच हौद मिशनशी त्यांचा जवळचा संबंध होता. त्यांच्याच मूळ घरी, वाँटेजला, 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण रमाबाईंनी 1907 मध्ये आपली साक्ष लिहिली तेव्हा प्रामाणिकपणे सांगितलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटला आठ वर्षांनी. म्हणजे पुण्यात, विधवांसाठीचं शारदा सदन चालवत असताना.

मधली आठ वर्षं त्या मंडळीत होत्या, आणि मान डोलवत बसल्या नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा जो वाद झाला तो पत्रांतून आज वाचायला मिळतो. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, बाईने कुणाला शिकवावं आणि कुणाला नाही, प्रत्येक गोष्टीवर त्यांनी प्रश्न विचारले आणि ‘मोठ्यांनी सांगितलं म्हणून’ हे उत्तर स्वीकारलं नाही. कानांनी ऐकू येईना म्हणून वैद्यकीचं शिक्षण सोडावं लागलं. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी त्या इंग्लंडहून हौसेने अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या; वर्षही उलटलं नाही तोच, फेब्रुवारी 1887 मध्ये, आनंदीबाई पुण्यात वारल्या. केवढा आनंद आणि त्याच्या पाठीला पाठ लावून केवढा आघात! 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. त्याच 1890 च्या ऑक्टोबरात पंच हौद मिशनमध्ये पाहुण्यांना दिलेल्या चहा-बिस्किटांवरून शहरात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, माजलं होतं; रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. जिथे मिशनच्या घरातला एक कप चहा एवढा महाग पडत होता, त्या शहरात एक विधवा ख्रिस्ती बाई विधवांची शाळा चालवत होती. पुढे 1893 मध्ये मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून गहजब झाला आणि रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

अशा दिवसांत त्या बाईंना विश्वास गवसला. सगळं मार्गी लागल्यावर नाही. आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर येताक्षणीही नाही. आधी माणसांत येणं झालं, भांडणं झाली, मग काम, मग मुलींचे हसण्या-रडण्याचे दिवस, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी ती खात्री पटली. आठ वर्षं त्यांना कुणी मंडळीबाहेर काढलं नाही, आणि त्यांनीही पाय काढला नाही. माझ्या मते या आठ वर्षांवर आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. साक्षी देताना आपण बदलाचा क्षण रंगवून सांगतो, त्याआधीच्या कोरड्या वर्षांबद्दल गप्प बसतो, आणि मागच्या बाकावर कोरडं वर्ष काढत असलेला कुणीतरी ते ऐकून स्वतःला कमी लेखतो.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहून वेगळी. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. वर्षानुवर्षांची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपली चूल आणि सोवळं वेगळं ठेवलं. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला माहीत आहे, त्यांचं मन वाद घालून वळलं नाही. आजूबाजूची माणसं, पोरकी मुलं, एकमेकांच्या घरातली जाग-झोप पाहत पाहत ते सोवळं गळून गेलं आणि 1900 मध्ये त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा मागितला.

आमच्या उपासनेत ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडलं की याच माणसांचा सहवास मिळतो. टिळकांची पदं, कृष्णराव सांगळ्यांची पदं, पेटी आणि तबल्यावर. अभंगाची नि ओवीची चाल ओळखीची असल्याने ज्याला पुस्तक वाचता येत नाही तोही म्हणू शकतो. गेल्या काही महिन्यांत पत्नी गेलेले एक गृहस्थ आमच्यात आहेत. पहिल्या रविवारी आले तेव्हा गाण्याला सगळ्यांबरोबर उभे राहिले, पुस्तक उघडून योग्य पानावर धरलं, पण ओठ हलले नाहीत. पुढच्या रविवारीही नाही. दोन्ही बाजूंची माणसं गात होती, समोरची गात होती, मागून पोरांचा चढा सूर येत होता, आणि ते मधोमध गप्प उभे. कुणी कोपराने ढोसलं नाही, कुणी ‘म्हणा ना’ म्हणालं नाही. त्यांच्या वाटचं आम्ही गायलो. असं गाण्याची मुभा आणि न गाण्याचीही मुभा जिथे आहे, ती जागा मला देवाची वाटते.

स्तोत्रसंहिता कुणी नीट चाळली तर तिथेही हीच मुभा सापडेल. तक्रारीची स्तोत्रं स्तुतीइतकीच हक्काने तिथे बसली आहेत. बहुतेक विलाप शेवटाकडे येताना वळतात आणि स्तुतीवर येऊन थांबतात. 88 वं स्तोत्र वळत नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं. ज्यांनी ही स्तोत्रं जपली त्यांनी हे एक वगळलं नाही. मंडळीने ते शतकानुशतकं मोठ्याने वाचलं. ज्या दिवशी माणसापाशी स्तुतीचा एक शब्द नसतो, त्या दिवशीसाठी ते तिथे ठेवलेलं आहे असं मी मानतो.

एकमेकांच्या दुःखात जाणं आपल्या मंडळ्यांना चांगलं जमतं, हे मनापासून सांगायला हवं. मयताची बातमी लागली की तासाभरात घरात माणसं जमतात. कुणी सतरंज्या आणतं, कुणी पाळकांना फोन लावतं, कुणी दफनभूमीच्या कागदपत्रांमागे धावतं. त्या घरची चूल पेटत नाही. पिठलं-भाताची पातेली शेजारून येतात. पहिल्या नाताळाला त्या घरात करंज्या-चकल्यांचा घाट घातला जात नाही, तेव्हा चार घरांतून फराळाचे डबे येतात, आणि डबा देणारी बाई दारातच ‘जय ख्रिस्त’ म्हणून उभ्याउभ्या परत फिरते, कारण बसलं तर रडू येईल हे तिला माहीत असतं.

याची किंमत आम्हाला 2020 ने दाखवली. राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण 9 मार्चला पुण्यातच सापडले. 10 एप्रिलच्या उत्तम शुक्रवारी आणि 12 एप्रिलच्या पुनरुत्थानदिनी चर्चची दारं बंद होती. पण खरे हाल झाले ते मयताचे. मोजकी माणसं, तीही लांब उभी. एका दफनाला घरच्यांनी फोन चालू ठेवला आणि मंडळीतल्या आम्ही आपापल्या खोल्यांतून गीत म्हटलं. नेटवर्क असं की कुणाचा सूर आधी पोचे, कुणाचा दोन शब्द मागून. एक ओळ धड जुळली नाही. त्या घरच्या मुलीने नंतर सांगितलं, तेवढ्या गोंधळात तिला प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू येत होता, ‘ही पुढच्या आळीतली आत्या, हे संडे स्कूलचे सर’, आणि त्या ओळखण्यातच तिला पहिल्यांदा बळ आलं.

आनंदाचं काय? पौलाने रोमकरांस लिहिताना मंडळीला एकमेकांच्या सुखदुःखात सामील व्हायला सांगितलं, तेव्हा सुखाचा उल्लेख आधी केला. मला वाटतं तेच जास्त कठीण आहे. दुःखी माणसाजवळ बसायला मन आपोआप मऊ होतं. पण ज्या बाईची कूस उजवलेली नाही तिने दुसरीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला पहिल्या बाकावर बसायचं; ज्याच्या मुलाला प्रवेश मिळाला नाही त्याने शेजाऱ्याच्या मुलाच्या प्रवेशाबद्दल उपकारस्तुतीला ‘आमेन’ म्हणायचं; हे सोपं नाही. ते ‘आमेन’ प्रत्येक वेळी मोकळं येत नाही. काही वेळा ते दात आवळून म्हटलेलं असतं. तरीही ते म्हटलं जातं, आणि पुढच्या खेपेला जरा कमी आवळून म्हटलं जातं. विश्वास वाढतो तो अशाच ठिकाणी, अशी माझी खात्री होत चालली आहे.

हंगामाच्या सणाला हे डोळ्यांनी दिसतं. शहरात शेत कुणाचं नसतं, तरी वेदीपुढे भाज्यांच्या राशी लागतात. गावाकडून आणलेली ज्वारी-बाजरी, घरी केलेलं लोणचं, केक, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर आवारात लिलाव. तरुण संघाचा एखादा पोरगा साधा दुधी भोपळा डोक्यावर धरून उभा राहतो आणि बोली चढत जाते. घेणारा तो घेतो, पैसे भरतो आणि तोच भोपळा पुन्हा लिलावाला देतो. पैसे जातात कुणाच्या फीला, कुणाच्या औषधाला. एका वर्षी सगळ्यात चढी बोली लावत होत्या त्या एक आजी, ज्यांच्या घरात आदल्याच पावसाळ्यात तरणाताठा मुलगा गेला होता. पदराच्या गाठीतले पैसे सोडून त्यांनी भोपळा घेतला आणि मोठ्याने हसल्या. ते हसू पाहून कुणाच्या मनात आलं असेल, की इतक्यात सावरल्या? सावरल्या नव्हत्या. बुधवारच्या प्रार्थनेत त्या रडतही होत्या. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीला जागा होती.

पण मंडळी दुखावतेही, आणि ते झाकून ठेवलं तर वरचं सगळं खोटं ठरेल. कमिटीच्या निवडणुकीवरून दोन घरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मिळकतींचे खटले कोर्टात जातात. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई एकटी आली की माना वळतात. बाप्तिस्मा घेऊन पिढ्या झाल्या तरी लग्न जुळवताना जात विचारली जाते. आणि सगळ्यांत क्रूर म्हणजे, आजारी माणूस बरा झाला नाही की घरच्यांना ‘विश्वास कमी पडला’ असं सुनावणारे आपल्यात आहेत. मला याचा संताप येतो. कफर्णहूमात खाट आणणाऱ्या चौघांनी त्या माणसाला वाटेत थांबवून ‘तुझा विश्वास किती?’ असं विचारलं नव्हतं. ज्याच्या घरी मृत्यू आला त्याच्या माथी वर अपराधही मारायचा, याला साक्ष म्हणत नाहीत.

रमाबाईंनी 1897 च्या प्लेगात असा संताप दाबून ठेवला नव्हता. प्लेगच्या दवाखान्यात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड लिहिलं. तोवर दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना त्या पुण्याहून केडगावला हलवत होत्या, जिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. 24 जुलै 1921 ला मनोरमाही गेली. आयुष्यातलं रक्ताचं शेवटचं माणूस. तेव्हा त्या बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरावर काम करत होत्या, आणि ते त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. भाषांतर छापून पूर्ण झालं ते त्यांच्यामागे, 1924 मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यात, जिथलं काम मुक्तीतल्या बायका आणि मुली करत. आज केडगावच्या स्टेशनात लोकल थांबली की मला आठवण होते ती या मागे राहिलेल्या मुलींची. ज्या बाईंनी त्यांना भुकेतून उचलून आणलं, त्यांचं अर्धं राहिलेलं काम त्यांनी पुरं केलं.

आमच्या पाळकांपाशी विनंत्यांच्या कागदाखेरीज आणखी एक यादी असते, यायचे थांबलेल्यांची. ती मोठ्याने वाचली जात नाही. दर आठवड्याला दोघा-तिघांनी मिळून त्यातल्या एका घरी जायचं असं आम्ही ठरवलं आहे. येत्या गुरुवारी कोंढव्याला जायचं आहे. तिथले गृहस्थ मुलाच्या अपघातानंतर चर्चमध्ये आलेले नाहीत. फोनवर त्यांनी अट घातली, ‘या, पण प्रार्थना करायची नाही, वचन वाचायचं नाही. नुसते बसायला या.’ आम्ही हो म्हटलं. बायबल घरी ठेवून जाणार आहोत.